दांडी आणि ओळंबा

आमच्या कचेरीत ‘दांडी’ या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो रजेचा अर्ज न देता घरी बसण्याशी निगडित आहे. त्यामुळे दर शनिवारी सायंकाळी मी दांडी धरावयास जाते असे जेव्हा मी सांगितले, तेव्हा शेजारच्या मेजावरील मराठी सहकाऱ्यांना हा काहीतरी नवा वाक्प्रचार असावा असे वाटले. वस्तुस्थिती इतकीच होती की, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी दिल्लीतील प्रौढांच्या एका बॅले-वर्गात नाव नोंदविले होते. युरोपातील या अभिजात नृत्याच्या शिक्षणात भिंतीला समांतर, कमरेहून थोड्या अधिक उंचीवर एक गोल लाकडी दांडी बसविलेली असते. तिच्यावर हात ठेवून पायांचे सर्व पाठ प्रथम गिरवावयाचे असतात. फ्रेंच भाषेत तिला ‘बार’ म्हणतात. पण मध्यमवर्गीय मराठी नोकरदार स्त्रीने शनिवारी सायंकाळी आपण बारवर जातो असे सांगण्यापेक्षा दांडीवर जातो असे सांगणे पुष्कळच बरे, हे वाचक मान्य करतील.

या वयात हा खटाटोप कशासाठी, याचे कारण सांगणे प्राप्त आहे. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी मी उशीवर कूस बदलली आणि छत गरकन फिरले. अंतर्कर्णातील अतिसूक्ष्म स्फटिक जागचे हलले म्हणजे असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले. काही आठवड्यांत ती भोवळ गेली. भय मात्र गेले नाही. मेट्रोतील खांब, कचेरीच्या जिन्याचा कठडा, रस्ता ओलांडताना यजमानांचे कोपर – काहीतरी हातात असल्याखेरीज मला पाऊल टाकवेना. त्या दिवाळीत सासरी वाईला गेले. जुन्या घरांतून असतो तसा तेथे माडीवर जाणारा अरुंद, उभा जिना आहे आणि आधाराला वरून एक जाड दोर सोडलेला आहे. घरातील लहान मुले त्या दोराला हातही न लावता वरखाली धावत होती. मी तो दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरले. खाली उभ्या असलेल्या सासूबाई काही बोलल्या नाहीत, हेच मला अधिक लागले.

तोल सुधारण्यास नृत्याचा उपयोग होतो असे ऐकल्यावरून मी वर्गात गेले. पहिला अर्धा तास सुखात जाई. हात दांडीवर असे, पाठ ताठ असे, एक पाय उचलून मी अगदी चित्रातल्यासारखी उभी राही. मग शिक्षिका म्हणत, ‘आता मध्ये या.’ तोच पाय, तीच उंची, तेच संगीत. फक्त दांडी नाही. आणि आम्ही सारी प्रौढ मंडळी वाऱ्यातील दोरीवरच्या कपड्यांप्रमाणे हेलकावे खाऊ लागत असू. हात काढल्यावर माणूस नेमका कशाच्या आधाराने उभा राहतो, असे मी शिक्षिकेला एकदा विचारले. त्यांनी एकच फ्रेंच शब्द सांगितला: ‘आप्लों’. घरी येऊन कोशात पाहिले, तो त्या शब्दाच्या पोटात आपला गवंड्याचा ओळंबा निघाला. ‘प्लों’ म्हणजे शिसे; भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला बांधून सोडावयाचे वजन. त्या ओळंब्यामागोमाग मी सुमारे साडेतीन शतके मागे गेले. जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

पहिली गोष्ट कळली ती आम्हा प्रौढांचा धीर वाढविणारी होती. बॅले हा आरंभी लहान मुलींचा खेळ नव्हता. तो मोठ्या माणसांचा, आणि तोही दरबारी पुरुषांचा, व्यवहार होता. फ्रान्सचा चौदावा लुई १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ‘रात्रीचा बॅले’ या रात्रभर चाललेल्या प्रयोगात सूर्याच्या वेशात नाचला आणि पुढेही तिशीपर्यंत नाचत राहिला. त्याच्याभोवती नाचणारे सरदार-दरकदार काही कोवळ्या वयाचे नव्हते. १६६१ साली त्याने नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली व तेरा नृत्यगुरू तिच्यावर नेमले. पायांच्या ज्या पाच मूळ ठेवणी आजही पहिल्या दिवशी शिकवितात, त्या प्येर बोशां या त्याच्याच नृत्यगुरूच्या नावावर सांगितल्या जातात. टाचेचे जोडे, भरजरी अंगरखे, सपाट जमीन आणि दोन्ही पायांवर वाटलेला भार यांमुळे या मंडळींना तोलाची विवंचना फारशी नसावी. पण नृत्य जसजसे दरबारातून रंगमंचावर आणि हौशी माणसाकडून व्यावसायिकाकडे गेले, तसतसा पाय वर जाऊ लागला आणि टाच जमीन सोडू लागली. १७१३ साली पॅरिसच्या ऑपेराला जोडून नृत्यशाळा निघाली. यथावकाश बॅले ही बालपणापासून शिकावयाची विद्या झाली आणि मोठी माणसे प्रेक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन बसली. अलीकडे जगभर निघालेले प्रौढांचे वर्ग म्हणजे या दृष्टीने नवे थेर नसून एका जुन्या हक्काची परतफेड होय, असे मी आमच्या कचेरीतील थट्टेखोरांना सांगत असते.

तोलाचा विचार शास्त्र म्हणून प्रथम कोणी केला असेल, तर तो कार्लो ब्लासिस या इटालियन नृत्याचार्याने. १८२० साली मिलान येथे त्याचा फ्रेंच भाषेतील नृत्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पंचविशीच्याही आतबाहेरच होता. भूमिती, शरीररचना आणि शिल्प यांचा त्याला नाद. शिष्याच्या शरीराची आकृती साध्या सरळ रेषांनी काढून दाखवावी आणि त्या रेषा शिष्याने मनात धराव्यात, ही त्याची रीत. त्यातील मुख्य रेषा अर्थात ओळंब्याची. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला लंब ज्या जागेवर पाऊल टेकले आहे तिच्या आत पडला तर माणूस उभा राहतो, बाहेर पडला तर पडतो. एवढे पदार्थविज्ञान आपण सर्वांनी शाळेत घोकलेले असते. ब्लासिसने ते पायात उतरविले. दोन्ही पावले टेकलेली असता ती जागा परातीएवढी असते. एका पावलावर ती पावलाएवढी होते, टाच उचलली की चवड्याएवढी, आणि पायाच्या टोकावर चढले की जुन्या रुपयाएवढी. लंब मात्र एकच. म्हणजे वर जाणे ही क्रिया वस्तुतः पायाखालची जमीन कमी कमी करीत नेण्याची आहे. एक पाय मागे वाकवून उचललेली जी प्रसिद्ध ठेवण बॅलेत ‘आतित्यूद’ म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ ब्लासिसने जांबोलोन्या या शिल्पकाराच्या उडत्या बुधदेवाच्या कांस्यमूर्तीत दाखविले. मूर्तीला तोल सोपा. तिच्या पायात धातूचा भार ओतता येतो आणि तिला भोवळ येत नाही.

ब्लासिसच्या काळच्या शिकवणीत एक बारकावा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शिष्याने प्रथम काहीतरी भक्कम धरून अभ्यास करावा, आणि मग तोच अभ्यास काहीही न धरता करावा, अशी ती रीत होती. दांडी ही पहिली फेरी होती. दुसरी फेरी मोकळ्या जागेत. आमच्यासारख्या आठवड्यातून एकदा येणाऱ्यांच्या वर्गात ही दुसरी फेरी बहुधा घड्याळाने खाल्लेली असते. अर्धाअधिक वेळ दांडीपाशी जातो आणि मध्ये येऊन उभे राहावयास थोडी मिनिटे उरतात. मग तोल येत नाही म्हणून आम्ही वयाला बोल लावतो. जे केले नाही ते येत नाही, यात वयाचा काय अपराध?

मारी ताल्योनी या नर्तकीची कथा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. तिचा जन्म १८०४ चा. पॅरिसमध्ये तिने काही वर्षे शिक्षण घेतले होते, पण अंगकाठी किरकोळ, हात लांब, आणि पाठीला किंचित पोक असल्याने ही मुलगी काही नर्तकी होत नाही, असे पाहणाऱ्यांना वाटे. १८२२ साली व्हिएन्ना येथे तिचे पदार्पण ठरले, तेव्हा वडील फिलिप्पो ताल्योनी यांनी तिला स्वतः हाताशी घेतले. सुमारे सहा महिने, रोज सहा तास असा तो क्रम होता: दोन तास पायांचे कठोर व्यायाम, दोन तास संथ ठेवणी, दोन तास उड्या. त्यातले मधले दोन तास आमच्या कामाचे. एका पायावर उभे राहून एकेक ठेवण घ्यावयाची आणि शंभर आकडे मोजून होईपर्यंत ती मोडावयाची नाही. मग अंग तसेच ठेवून सावकाश वळावयाचे. दहा वर्षांनी, १८३२ च्या मार्चमध्ये, पॅरिसच्या रंगमंचावर ‘ला सिल्फीद’ या बॅलेत ती वनपरी होऊन पायाच्या टोकांवर तरंगली, आणि पाहणाऱ्यांना तिला वजनच नाही असे वाटले. तिच्या जोड्यांत आजच्या जोड्यांसारखा टणक पुठ्ठा नव्हता. मऊ रेशमी जोड्याला शिवणीचे टाके घालून जरा बळकटी आणलेली असे, एवढेच. त्या तरंगण्याखाली शंभर-शंभर आकड्यांची थप्पी लागलेली होती. मी घरी स्वयंपाकघरात एका पायावर उभी राहून पाहिले. शंभर ही संख्या किती मोठी आहे, हे अर्थखात्यात नोकरी करणाऱ्यालाही तोपर्यंत कळत नाही.

पुढे दांडीला घर मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती नृत्यशाळेच्या भिंतीचा अविभाज्य भाग झालेली दिसते. एदगार दगा या चित्रकाराचे १८७७ चे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात दोन नर्तकी दांडीवर पाय टाकून अभ्यास करीत आहेत आणि बाजूला जमिनीवर एक झारी ठेवलेली आहे. लाकडी जमिनीवरची धूळ बसावी म्हणून, आपल्याकडे अंगणात सडा घालतात त्याप्रमाणे, तेथे पाणी शिंपडीत. त्या झारीचा दांडा आणि उजवीकडच्या नर्तकीचा बाक अगदी सारखा आहे. चित्रातला उरलेला जमिनीचा प्रचंड रिकामा पट्टा मात्र पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. त्या दोघी भिंतीला धरून आहेत आणि मधली जागा त्यांची वाट पाहत पडली आहे, असे मला ते चित्र पाहताना प्रत्येक वेळी वाटते. अर्थात कलासमीक्षक याहून वेगळे काही सांगतील.

ही मधली जागा जिंकली ती मिलानच्या नर्तकींनी, आणि ती जिंकली रशियात. १८९० च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गच्या मारीन्स्की रंगमंदिरात प्येतिपाने बसविलेला आणि चायकोव्हस्कीने संगीत दिलेला ‘निद्रिस्त सुंदरी’ हा बॅले प्रथम झाला. राजकन्या अरोराची भूमिका कार्लोत्ता ब्रियान्झा या इटालियन नर्तकीकडे होती. त्यात राजकन्येच्या वाढदिवसाचा एक प्रवेश आहे. चार देशांचे चार राजपुत्र मागणी घालण्यास आलेले असतात. राजकन्या एका पायाच्या टोकावर, दुसरा पाय मागे वाकवून उभी राहते. एकेक राजपुत्र तिचा हात धरून तिला सावकाश फिरवितो. आणि एकाने हात सोडल्यापासून दुसऱ्याने धरीपर्यंत ती हात डोक्यावर नेऊन एकटी उभी असते. प्रेक्षक श्वास रोखतात तो त्या मधल्या क्षणांत. हा मधला क्षण नंतरच्या नर्तकींनी लांबवीत नेला. त्यांपैकी मार्गो फोंटेन ही १९४६ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आणि १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये या भूमिकेने विख्यात झाली. माझ्या मते ते चार राजपुत्र म्हणजे चार जिवंत दांड्या आहेत, आणि तो सबंध प्रवेश दांडीवरचा हात चार वेळा काढून दाखविण्याचा पाठ आहे. त्यात आणखी एक मर्म आहे. हात सुटतो तो घाईने नव्हे. तोल आधी येतो, हात मग निघतो. आम्ही नेमके उलट करतो. हात काढतो आणि मग तोल शोधू लागतो.

ब्रियान्झाच्याच देशातील प्येरीना लेन्यानी हिने १८९३ साली त्याच शहरात ‘सिंड्रेला’मध्ये, आणि १८९५ साली ‘हंससरोवरा’त, एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेऊन रशियन नर्तकींना थक्क केले. तिचे रहस्य त्यांनी शोधून काढले, त्यात डोळ्यांचा भाग मोठा होता. गिरकी घेताना शरीर वळू लागते तरी नजर समोरच्या एका बिंदूवर खिळवून ठेवावयाची, आणि शेवटच्या क्षणी डोके झटकन फिरवून पुन्हा तोच बिंदू गाठावयाचा. शरीर फिरते, जग मात्र फिरत नाही.

पण डोळे हाच तोलाचा खरा आधार काय? याच काळात शरीरशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने त्याच प्रश्नाकडे येत होते. १८२४ च्या सुमारास फ्लूरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या, तेव्हा त्या पक्ष्यांची डोकी वेडीवाकडी हलू लागली आणि त्यांना धड उभे राहता येईना. कान केवळ ऐकण्यासाठी नसून तोलासाठीही आहे, हे तेथून कळू लागले. जर्मन वैद्य रोम्बेर्ग याने १८४० च्या दशकात दाखविले की, मज्जारज्जूच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहतात, पण डोळे मिटताच कोसळतात. कारण त्यांच्या पायांकडून वर जाणारी वार्ता तुटलेली असते आणि ते केवळ नजरेवर उभे असतात. स्नायू व सांधे यांच्याकडून येणाऱ्या या आतील वार्तेला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली स्वतंत्र नाव दिले. अंतर्कर्णाच्या कार्यावरील संशोधनासाठी बारानी याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सारांश, तोल म्हणजे डोळे, कान आणि पावले या तिघांच्या अहवालांवरून मेंदूने क्षणोक्षणी काढलेला हुकूम. तिघांचे एकमत असले म्हणजे आपल्याला काही जाणवत नाही. एकाने चुकीचा अहवाल पाठविला की छत फिरते. हा भाग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. माझ्या कानाने तसा अहवाल एकदा पाठविलेला होता.

प्रौढ शिष्याची अडचण येथे उघड होते. वय वाढते तशी पावलांची व घोट्यांची वार्ता मंदावते, आणि त्यांची उणीव डोळे भरून काढू लागतात. दांडी हा चौथा वार्ताहर. बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी तो मेंदूला सरळ उभे कसे राहावे ते सांगत असतो. आपण दांडीवर भार टाकीत नाही असे मनात म्हणत असलो, तरी तिची बातमी घेतच असतो. ती काढून घेतली म्हणजे पाय दुबळे पडतात असे नव्हे. पायांचे म्हणणे ऐकण्याची सवयच राहिलेली नसते. आग्रिप्पिना वागानोव्हा हिने हे फार स्पष्टपणे ओळखले होते. १९३४ साली लेनिनग्राड येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात तिने तोलाची मदार पाठीच्या कण्यावर ठेविली आहे. तिच्या पद्धतीत दांडीपाशी उभे असतानाच अंग असे उभ्या पायावर आलेले असावे लागते की, हात कोणत्याही क्षणी काढला तरी काही बिघडू नये. म्हणजे दांडी सोडण्याचा अभ्यास दांडीपाशीच करावयाचा.

येथे मोठ्या वयात या विद्येकडे आलेल्या दोघींची आठवण होते. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड याची पत्नी झेल्डा हिने सत्ताविशीच्या सुमारास पॅरिसमध्ये ल्युबोव्ह एगोरोव्हा या रशियन नर्तकीपाशी बॅलेचा अभ्यास सुरू केला. दिवसाचे कित्येक तास ती घाम गाळी. १९२९ साली नेपल्सच्या सान कार्लो रंगमंदिराकडून तिला निमंत्रणही आले. ते तिने स्वीकारले नाही. १९३० च्या वसंतात तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि नृत्य सुटले. नृत्यामुळे ती आजारी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गेलेली वीस वर्षे दोन वर्षांत भरून काढण्याची जी तहान मोठ्या वयाच्या शिष्याला लागते, तिचे स्मरण ठेवावे म्हणून मी ही हकिकत सांगितली. आमच्या वर्गातही पहिल्याच महिन्यात पायाच्या टोकांवर चढण्याचे जोडे घेऊन आलेली एक बाई होती.

दुसरी आपल्या देशातली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म १९०४ चा. विशीच्या मध्यास त्यांची आन्ना पाव्हलोव्हा हिच्याशी गाठ पडली आणि तिच्या मंडळातील क्लेओ नॉर्दी हिच्यापाशी त्या बॅले शिकू लागल्या. आपल्या देशातील नृत्याचा शोध घ्यावा, असे पाव्हलोव्हानेच त्यांना सुचविले. पुढे पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशी शिकून १९३५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी अड्यार येथे भरतनाट्यम् सादर केले. या नृत्याच्या शिक्षणाला आज जे वळण आहे ते ज्या चार बंधूंनी लावले, ते तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारचे. तेव्हा आपल्या भोसल्यांचाही या कथेत अल्पसा वाटा आहे. माझा मुद्दा निराळा. आपल्या नृत्यात दांडीच नाही. गुडघे वाकवून, गुरुत्वमध्य खाली आणून, पूर्ण पाऊल जमिनीवर आपटीत शिष्या पहिल्या दिवसापासून खोलीच्या मधोमध उभी असते. बॅले जमिनीपासून सुटू पाहतो म्हणून त्याला भिंत लागते. भरतनाट्यम् जमिनीला बिलगून असते म्हणून त्याला ती लागत नाही. दोन्हींचा अनुभव घेतलेल्या रुक्मिणीदेवींना हा भेद पायांनीच कळला असला पाहिजे.

आता ज्या एका व्यक्तीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येते. आलिसिया आलोन्सो हिचा जन्म १९२० साली क्यूबातील हवाना येथे झाला. १९३७ साली ती न्यूयॉर्कला गेली, नर्तकी म्हणून नाव मिळवू लागली, आणि १९४१ मध्ये, विशीत पाऊल टाकले न टाकले तोच, तिच्या डोळ्यांतील पडदा सुटला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर हवाना येथे तिला सुमारे वर्षभर अंथरुणावर निश्चल पडून राहण्याची आज्ञा झाली. डोके हलवावयाचे नाही, हसावयाचे नाही, रडावयाचे नाही. त्या अंधारात ती ‘जिझेल’ हा सबंध बॅले शिकली. पती फेर्नांदो हा तिच्या हातावर बोटांनी पावले दाखवी आणि ती आपल्या बोटांनी अंथरुणावर ती नाचे. दांडीचा अभ्यास तर राहोच, पायदेखील नाहीत. दोन बोटे आणि चादर.

उठल्यावर तिला पायांवर उभे राहण्यापासून शिकावे लागले. २ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये आजारी पडलेल्या आलिसिया मार्कोव्हाच्या जागी तिने ‘जिझेल’ केले आणि त्या एका रात्रीत ती पहिल्या प्रतीची नर्तकी ठरली. दृष्टी मात्र परतली नाही. बाजूचे तिला जवळजवळ काहीच दिसत नसे, आणि उरलेले पुढे पुढे अंधुक होत गेले. रंगमंचावर निरनिराळ्या रंगांचे दिवे ठेवून त्यांवरून ती दिशा ओळखी. सहनर्तकाने ठरल्या क्षणी ठरल्या जागी असलेच पाहिजे, असा नियम असे. रंगमंचाच्या कडेला कमरेच्या उंचीवर एक बारीक तार ताणलेली असे. तिचा स्पर्श झाला की पुढे खड्डा आहे हे तिला कळे. एका अर्थाने तीही दांडीच; पण धरण्याची नव्हे, मर्यादा सांगणारी.

आणि अशी ही बाई प्रसिद्ध कशासाठी होती? तर टोकावरच्या दीर्घ तोलासाठी. डोळस नर्तकी ज्या जागी क्षणभर थांबत, तेथे ती आधार सोडून संगीताला वाट पाहावयास लावी. हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले. लेन्यानीच्या बत्तीस गिरक्यांचा आधार नजर; त्या नजरेवाचून ही उभी राहते, आणि अधिक वेळ राहते! याचा उलगडा मला असा वाटतो की, तिच्या बाबतीत एका वार्ताहराने कायमची रजा घेतल्याने उरलेल्या दोघांना बोलावेच लागले आणि तिला ऐकावेच लागले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०१३ साली २९ बॅले-नर्तकी आणि २० नौका वल्हविणाऱ्या स्त्रिया यांना अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीत बसवून पाहिले. खुर्ची थांबल्यावरही फिरत असल्याचा भास नर्तकींच्या बाबतीत लवकर ओसरला, आणि कानाकडून येणारी वार्ता स्वीकारणारा त्यांच्या लहान मेंदूचा भागही निराळा आढळला. तेव्हा अभ्यासाने मेंदूला कोणाचे किती ऐकावे हे शिकविता येते, ही केवळ एका असामान्य स्त्रीची कथा नव्हे.

आलोन्सोने १९४८ साली हवाना येथे स्वतःचे नृत्यमंडळ काढले. सत्तरी ओलांडल्यावरही ती रंगमंचावर आली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, ९८ व्या वर्षी, ती वारली.

हे सारे वाचल्यापासून माझ्या अभ्यासात थोडा फरक पडला आहे. दांडीवर आता पंजा नसतो. दोन बोटे असतात, आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी तीही उचलावयाची असतात. टाच उचलण्यापूर्वी अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा आणि टाच या तिघांवर भार सारखा आहे की नाही हे पायालाच विचारते. वर जाताना जितका वेळ, खाली येताना तितकाच. धपकन टेकणे म्हणजे पडणेच, असे शिक्षिका म्हणतात. घोटा थरथरला तर पूर्वी मी लाजून थांबत असे. ती थरथर म्हणजेच तोल होय, ओळंबासुद्धा सोडल्याबरोबर स्थिर होत नाही, हे आता कळले आहे. महिन्यातून एकदा शिक्षिका दिवे मालवून आम्हाला डोळे मिटावयास सांगतात. पहिल्या खेपेस माझा हात नसलेल्या दांडीकडे गेला आणि तो शेजारच्या सद्गृहस्थांच्या चष्म्यावर जाऊन आदळला. ते एका बँकेतून निवृत्त झालेले आहेत; त्यांनी फारच सौजन्याने घेतले.

सध्या चवड्यावर, एका पायाने, डोळे उघडे ठेवून माझा आकडा अकरापर्यंत जातो. डोळे मिटले की तो चार होतो. ताल्योनीच्या शंभराशी याची तुलना कोणी करू नये. परवा दूरध्वनीवर सासूबाईंना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले. त्या म्हणाल्या, “अगं, एवढं करून व्हायचंय काय?” मी म्हटले, “आई, यंदा दिवाळीला येईन ना, तेव्हा दोराला हात न लावता, दिवासुद्धा न लावता माडीवरून उतरून दाखवीन.”

“दोर सोड हवा तर,” त्या म्हणाल्या, “पण बाई, दिवा लाव.”